गाडीचा बारीक हॉर्न बदलून दणदणीत बसवताय? मग बासरी, तबला आणि नियम 119 समजून घ्या

'गाडी आठ लाखांची आणि हॉर्न स्कूटरचा.' छोटी कार घेतलेल्यांची ही तक्रार जुनीच आहे. बऱ्याच स्वस्त मॉडेल्समध्ये एकच डिस्क हॉर्न येतो, त्यामुळे आवाज पातळ वाटतो. मग अ‍ॅक्सेसरीजचं दुकान गाठलं जातं आणि तिथे मागाल तो आवाज मिळतो. पण त्यातला चालतो कुठला?

हा विषय अधूनमधून तापतो तो केंद्रीय मंत्री नितीन गडकरींमुळे. हॉर्नमध्ये बासरी, तबला, व्हायोलिन, हार्मोनियम अशा भारतीय वाद्यांचेच आवाज असावेत, असा कायदा करण्याचा विचार त्यांनी 2021 मध्ये नाशिकला बोलून दाखवला. 2025 मध्ये तोच मुद्दा त्यांनी पुन्हा मांडला. मीम्स भरपूर आले. अडचण मात्र मीम्सपलीकडची आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 119 सांगतो की, एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न गाडीला लावता येत नाही. कर्कश, दचकवणारा आवाजही नको. म्हणजे बासरीचा एक सूर चालेल, बासरीची धून नाही. धून हवी असेल तर आधी हाच नियम बदलावा लागेल.

दुसरं म्हणजे, हॉर्न ऐकून माणसाला क्षणात 'मागे गाडी आहे' हे कळलं पाहिजे. आपला कान साधारण 2 ते 4 हजार हर्ट्झच्या आवाजाला सर्वांत तिखट असतो आणि हॉर्नचा आवाज त्याच पट्ट्यात भरेल असा बनवलेला असतो. मागून तबला वाजला तर माणूस बाजूला होईल, की वरात कुठे आहे ते बघेल?

मग चांगला आवाज हवा असेल तर काय करायचं? त्यासाठी शंखासारखा वळलेला विंडटोन हॉर्न मिळतो. तो जोडीने येतो, एक खालच्या सुराचा आणि एक वरच्या. बऱ्याच सेटमध्ये हे सूर 400 आणि 500 हर्ट्झच्या आसपास असतात, म्हणजे साधारण सा आणि ग. दोन्ही एकाच वेळी वाजतात म्हणून आवाज भरदार येतो आणि नियमही मोडत नाही. सा संपल्यावर ग वाजला, तर मात्र तो मल्टिटोन झाला.

पण खर्चाआधी जुना हॉर्न तपासून घ्या. तो बंपरच्या मागे पावसाचं पाणी खात असतो. अर्थिंगच्या जागी गंज चढला की पुरेसं व्होल्टेज पोहोचत नाही आणि चांगला हॉर्नही घोगरा होतो. अनेकदा तेवढं साफ करून काम भागतं.

नवी जोडी लावायचीच असेल तर रिले आणि फ्यूज असलेलं वायरिंग किट घ्या. दोन हॉर्न मिळून 8-10 अँपिअर करंट खेचू शकतात. स्टिअरिंगवरचं बटण आणि मूळ वायर तेवढ्यासाठी बनवलेली असेलच असं नाही. कंपनीच्या कपलरमध्ये बसणारं किट मागा. वायर कापली, तर पुढे वॉरंटीवरून वाद होऊ शकतो.

प्रेशर हॉर्नच्या नादाला लागू नका. ध्वनिप्रदूषणाचे निकष मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली 10 हजार रुपयांपर्यंत दंड आणि कैदही होऊ शकते. खोक्यावर 118 डेसिबल छापलंय म्हणून खूश होण्यातही अर्थ नाही. आवाज 10 डेसिबलने वाढला की कानाला जवळपास दुप्पट वाटतो. काचा लावून एसीत बसलेल्या तुम्हाला तो कमीच ऐकू येतो. पूर्ण मार खातो तो पुढचा दुचाकीवाला आणि चौकातला ट्रॅफिक हवालदार.

ताम्हिणी किंवा वरंधा घाटातल्या आंधळ्या वळणावर खणखणीत हॉर्न हवाच, त्यात वाद नाही. शहरात मात्र प्रश्न हॉर्न गोड की कर्कश हा नाहीच, तो किती वेळा दाबला जातो हा आहे. 2020 मध्ये मुंबई पोलिसांचा 'पनिशिंग सिग्नल'चा व्हिडिओ व्हायरल झाला होता, आठवतोय? आवाज 85 डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नलचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. गडकरींच्या बासरीपेक्षा ही आयडिया जास्त कामाची होती.

विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवल्यास कलम 194F नुसार पहिल्यांदा 1 हजार, नंतर 2 हजार रुपये दंड आहे. रहिवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 आणीबाणीशिवाय हॉर्न वाजवायलाच बंदी आहे. सोसायटीच्या गेटवर वॉचमनला उठवायला दिलेला हॉर्नही त्यात आला, मग तो कंपनीचा असो की नवा विंडटोन.