ज्या पत्त्यांत गुलाम नाही

पत्त्यांविषयी आपल्या समाजात फारसे चांगले बोलले जात नाही, आणि त्याला कारण आहे. पैसे लावून खेळलेली रमी आणि तिच्यापायी मोडलेले संसार आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिले आहेत. म्हणूनच सकस आहार शिकवण्यासाठी आम्ही पत्ते तयार करीत आहोत, असे पालकसभेत सांगितले तेव्हा अनेकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्या आठ्यांचा आम्ही आदर करतो. परंतु या खेळाने मुलांच्या आधी आम्हा शिक्षकांनाच जो धडा दिला, तो या स्मरणिकेत नोंदवणे आम्हांस आवश्यक वाटते.

पहिला संच आम्ही मोठ्या उत्साहाने केला. जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापले, मुलांकडून चित्रे काढून घेतली आणि प्रत्येक पदार्थाला गुण दिले. सफरचंद आणि बदाम यांना 10, दुधाला 9, चपातीला 7, बाजरीच्या भाकरीला 5 आणि सुकटीला 2. तक्ते व जाहिराती पाहत वाढलेल्या आमच्या डोळ्यांना त्यात काहीच वावगे दिसले नाही. पहिल्याच डावात सहावीच्या एका मुलीने हातातली पाने खाली ठेवली आणि विचारले, "सर, आमच्या घरचंच पान सगळ्यांत हलकं का?"

या प्रश्नाचे उत्तर आहाराच्या तक्त्यात सापडेना. आम्ही वर्गात शिकवतो त्या इतिहासात ते होते. 1936 साली प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात बाबासाहेबांनी जयपूर संस्थानातील चकवारा गावची हकिकत दिली आहे. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने आपल्या बांधवांना जेवण दिले आणि पंगतीत तूप वाढले. सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले, अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना मारहाण केली. तूप विकत घेण्याची ऐपत असली तरी ते खाण्याचा अधिकार तुम्हांला नाही, हा त्याचा अर्थ. जे उत्तम मानले गेले ते आपल्याला नाकारले गेले, आणि जे आपल्या वाट्याला आले ते हीन ठरवले गेले. हीच उतरंड आम्ही स्वतःच्या हाताने पुठ्ठ्यावर मांडली होती. प्रांजळपणे सांगायचे तर ती आमच्या मनातही होती. शहरात भाड्याच्या खोलीत राहत असताना सुकट भाजण्यापूर्वी आम्हीही खिडक्या लावून घेतल्या आहेत.

नेहमीच्या पत्त्यांत राजा असतो, राणी असते आणि त्यांच्या खाली गुलाम असतो. आमच्या दुसऱ्या संचात या तिघांनाही जागा नाही, आणि कोणत्याही एकट्या पानाला गुण नाहीत. गुण आहेत ते ताटाला. चार रंगांची प्रत्येकी 10 पाने आहेत. पिवळ्या रंगात ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, गहू अशी धान्ये. तांबड्यात तूर, मसूर, मटकी, अंडे, मासे, सुकट, दूध. हिरव्यात अंबाडी, तांदुळजा, घोळ, मेथी, शेवग्याचा पाला. केशरीत आवळा, पेरू, लिंबू, बोरे. चौघांना आठ-आठ पाने वाटायची, एक उचलायचे, एक टाकायचे. चारही रंग असलेली दोन वेळची दोन ताटे जो आधी लावील त्याचा डाव. मात्र ते ताट चांगले का, हेही त्याने सांगितले पाहिजे.

हे सांगता सांगता मुले शिकतात. ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत लायसिन कमी असते, ते डाळीतून मिळते. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्य पुरवते. पालेभाजीतील लोह लिंबामुळे अंगी अधिक लागते, जेवणासोबतच्या चहामुळे कमी. 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. सबंध खाल्ल्या जाणाऱ्या सुकटीतून प्रथिनांबरोबर कॅल्शियमही मिळते; तिलाच आम्ही 2 गुण दिले होते! उरलेली 8 पाने चहा, वेफर्स, शेव, गोड थंड पेये यांची. त्यांना दंड नाही. परंतु ती कोणत्याच ताटात बसत नाहीत आणि हातातली जागा अडवतात. ती टाकून द्यायला मुले आपणहून शिकतात.

हे गरिबीचे गोडवे गाणे नव्हे काय, असे एका सहकाऱ्याने विचारले. आमचे उत्तर असे : घरची भाकरी सकस आहे, म्हणून नुसती भाकरी पुरेशी आहे असे होत नाही. चटणी-भाकरीचे ताट आमच्या खेळातही अपुरेच ठरते. ते अपुरे का राहिले, हा प्रश्न मुलांनी विचारावा, अशीच आमची इच्छा आहे. लाज वाटणारे मूल तो विचारीत नाही. ते फक्त आपला डबा झाकून खाते.

आणि पुठ्ठ्यावरच्या अंड्याने पोट भरत नाही, हेही विसरता कामा नये. पानावरचा रंग भोजनगृहातील ताटात उतरला नाही, तर मुले खेळासोबत आपला खोटेपणाही शिकतील. म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, देणगी देताना फरशीवर नाव कोरण्याऐवजी एका महिन्याची अंडी, एका हंगामाचे पेरू आपल्याकडे घ्यावेत. पालकांनी आपापल्या भागातील रानभाज्यांची नावे आम्हांला कळवावीत. मराठवाड्यातील दलितांच्या स्वयंपाकघराची नोंद शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात केली आहे. आपापल्या गावाची नोंद आपणच केली पाहिजे. आपल्या आजीने पाट्यावर जे वाटले आणि चुलीवर जे शिजवले, त्याची पाने अजून आमच्या संचात यायची आहेत.