पॅरिसची भिंत आणि अल्जीरियाची जमीन

पॅरिस कम्यूनवरची भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. १८ मार्च १८७१ रोजी पॅरिसच्या कामकऱ्यांनी सत्ता हाती घेतली, ७२ दिवस चालवली आणि सरकारने ती रक्तात बुडवली, हे सांगताना आपल्या परिवर्तनवादी मित्रांचा गळा दाटून येतो. माझाही येतो. पण ही कहाणी दर वेळी पेर लाशेज कब्रस्तानातल्या भिंतीपाशी येऊन थांबते. तिथे १४७ कम्यूनवाल्यांना उभे करून गोळ्या घातल्या, हे खरे. मात्र त्याच सरकारने त्याच महिन्यांत समुद्रापलीकडे काय केले, याबद्दल कुणी बोलत नाही. माझे भांडण त्या मौनाशी आहे.

कम्यूनचे मोठेपण मला नाकारायचे नाही. प्रशियाशी युद्ध हरलेल्या, वेढ्यात उपाशी राहिलेल्या शहराच्या तोफा काढून घ्यायला तिएरच्या सरकारने सैन्य पाठवले. सैनिकांनी आपल्याच लोकांवर गोळी झाडायला नकार दिला. त्यानंतर कामकऱ्यांच्या सत्तेने थकलेले घरभाडे माफ केले, बेकऱ्यांतले रात्रीचे काम बंद केले, मालक सोडून गेलेले कारखाने कामगारांच्या सहकारी संघांकडे देण्याचा हुकूम काढला. कामगार खाते एका हंगेरियन माणसाकडे होते, सेनापतींत एक पोलिश होता. परका म्हणून त्यांना कुणी दूर ठेवले नाही. २१ ते २८ मे या आठवड्यात सरकारी फौजेने किती माणसे मारली, याबद्दल इतिहासकारांत वाद आहे. कुणी सहा-सात हजार म्हणतात, कुणी वीस हजार.

आता दुसरी बाजू. १६ मार्च १८७१, म्हणजे पॅरिसच्या दोन दिवस आधी, अल्जीरियाच्या डोंगराळ मुलखात मोहम्मद अल-मोकरानीने फ्रेंचांविरुद्ध हत्यार उचलले. हा मोकरानी काही कामगार पुढारी नव्हता. तो सरदार होता, फ्रेंचांचा मानकरी होता. पण १८६७-६८ च्या दुष्काळात रयतेसाठी त्याने सरकारच्या भरवशावर कर्ज काढले आणि नव्या राजवटीने तो भरवसा झटकून टाकला. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हाती कारभार जाणार आणि उरलीसुरली जमीनही जाणार, हे रयतेला दिसत होते. ८ एप्रिलला रहमानिया तरीकतीचे वृद्ध पीर शेख अल-हद्दाद यांनी जिहादची हाक दिली आणि दीड लाखाच्या आसपास माणसे उठली.

या जिहाद शब्दापाशीच दोन्हीकडची मंडळी अडतात. पुरोगामी म्हणतात, हा धार्मिक उठाव, आपल्या लढ्यातला नव्हे. आमच्यातले काही वक्ते म्हणतात, हा केवळ दीनचा उठाव, भाकरीशी त्याचा संबंध काय? दोघांनाही माझा एकच प्रश्न आहे. नांगर धरणाऱ्याने अल्लाचे नाव घेतले की तो शेतकरी राहत नाही काय?

फ्रेंच सरकारला असा प्रश्न पडला नाही. ५ मे रोजी मोकरानी मारला गेला. त्याचा भाऊ बूमेझराग जानेवारी १८७२ पर्यंत लढत राहिला आणि पकडला गेला. उठलेल्या कबिल्यांवर साडेतीन कोटी फ्रँकांहून अधिक दंड बसला, साडेचार लाख हेक्टरांच्या आसपास जमीन जप्त झाली. गोळीने माणूस एकदा मरतो. जमीन गेली की पिढ्या मरतात.

कोणी म्हणेल, वेढलेल्या पॅरिसला अल्जीरियाची काय खबर? ही सबब मी मान्य करतो. पण न्यू कॅलेडोनियात ती संपली. चार हजारांहून अधिक कम्यूनवाले त्या दूरच्या बेटावर हद्दपार झाले आणि अल्जीरियाचे बंडखोरही तिथेच आणले गेले. १८७८ साली तिथले मूळ रहिवासी कनाक उठले. कारण तेच होते. जमिनी हिसकावल्या गेल्या होत्या आणि वसाहतवाल्यांची गुरे त्यांची शेती तुडवत होती. तेव्हा कालच्या अनेक क्रांतिकारकांनी आपल्याच तुरुंगवाल्यांची बंदूक खांद्यावर घेतली आणि कनाकांवर चालून गेले. हेही लिहिले पाहिजे की काही अल्जीरियन कैदी माफीच्या आशेने त्याच बाजूला उभे राहिले. आपल्या माणसांचा दोष झाकून दुसऱ्याचा मोजता येत नाही. कनाकांचा पुढारी अताई मारला गेला, त्याचे शिर पॅरिसला नेले गेले आणि ते परत करायला २०१४ साल उजाडले.

त्या वेळी वेगळी उभी राहिली ती लुईज मिशेल. ती शाळामास्तरीण होती, म्हणून मला अधिक जवळची वाटते. हद्दपारीत ती कनाकांना शिकवत होती आणि त्यांच्याकडूनही शिकत होती. तिने आपल्या आठवणींत लिहिले आहे की, कम्यूनच्या दिवसांपासून जपलेला लाल रुमाल तिने फाडून, लढायला निघालेल्या दोन कनाकांना दिला. १९०४ साली, वय झालेले असताना, ती अल्जीरियात व्याख्याने देत फिरली आणि परतल्यावर जानेवारी १९०५ मध्ये मार्सेयला वारली.

१८८० साली कम्यूनवाल्यांना सर्वसाधारण माफी मिळाली, ते घरी गेले. अल्जीरियनांना माफीसाठी १८९५ पर्यंत थांबावे लागले. बूमेझराग तर १९०४ मध्ये सुटला. गुन्हा एकाच वर्षाचा, सरकार एकच, बेटही एकच. मग या वर्षांचा हिशेब कोणी द्यायचा?

जगातल्या कामगारांची एकजूट हा शब्द मला प्रिय आहे, म्हणूनच हे लिहितो. ज्याच्या टोपीवरून, भाषेवरून किंवा कातडीवरून त्याचे श्रम मोजायचे राहून जातात, त्याला वगळून झालेली एकजूट सरकारच्या सोयीची असते. पुढच्या १८ मार्चला भाषण करणाऱ्या मित्रांना एवढीच विनंती आहे की, त्यांनी सुरुवात दोन दिवस आधीपासून करावी.