अमरत्वाच्या आड येणारी बायको

वटपौर्णिमेवर आपण इतकी वर्षं इतकं लिहिलंय, की त्या वडाला पुन्हा फेरी घालायचं मला काही कारण नव्हतं. पण अलीकडे अमेरिकेतल्या 'क्रायोनिक्स'विषयी वाचताना सावित्री पुन्हा समोर आली, आणि आली तीही उलटी होऊन. नवऱ्याला यमाच्या हातून सोडवून आणणारी बायको हा आपल्याकडचा आदर्श. तिकडे 'गेला तो गेला' म्हणणारी बायको ही समस्या मानली जाते. तिला नावही दिलंय, 'हॉस्टाइल वाइफ'. आपल्या भाषेत, वैरीण बायको.

आधी प्रकरण काय ते सांगते. मेलेल्या माणसाचा देह, किंवा नुसतं डोकं, उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवायचं. पुढे कधीतरी विज्ञान रोगही बरा करेल, म्हातारपणही घालवेल आणि या माणसाला उठवेल, अशी आशा धरायची. रॉबर्ट एटिंगर या भौतिकशास्त्राच्या शिक्षकाचं यावरचं पुस्तक १९६४ साली गाजलं. जानेवारी १९६७ मध्ये जेम्स बेडफर्ड हे मानसशास्त्राचे प्राध्यापक पहिल्यांदा गोठवले गेले. त्यांचा देह अजून ॲरिझोनात आहे. आजवर एकही जण परत आलेला नाही, आणि गोठवताना मेंदूची जी हानी होते ती भरून कशी काढायची हे कुणालाच माहीत नाही. विज्ञानाबद्दल एवढं पुरे.

मला रस आहे तो यातल्या बायकांमध्ये. एटिंगर यांनी १९७६ मध्ये मिशिगनमध्ये संस्था काढली, तिथे १९७७ साली पहिल्यांदा ठेवली गेली ती त्यांची आई. मग पहिली पत्नी, मग दुसरी, आणि २०११ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी, ते स्वतः. (दोघी एकदमच जाग्या झाल्या आणि आमच्या सल्ला केंद्रात आल्या, तर आम्ही काय करायचं कोण जाणे!) बेडफर्ड यांनी मृत्युपत्रात अशा संशोधनासाठी १ लाख डॉलर ठेवले होते. इतर नातेवाइकांनी हरकत घेतली, बायको आणि मुलगा कोर्टात लढले, आणि त्या रकमेहून जास्त पैसा त्या लढाईतच गेला. सावित्रीला निदान वकील तरी लावावा लागला नव्हता.

सगळ्याच बायका अशा लढत नाहीत. २००८ साली याच चळवळीतल्या तिघांनी (त्यातली एक स्त्री) एक लेख लिहिला. क्रायोनिक्स पसरत नाही याचं एक मोठं कारण त्यांनी सांगितलं ते बायकांचा विरोध. सभासदांत पुरुष बायकांपेक्षा कितीतरी जास्त. नवरा उत्साहानं सभासद होतो, बायको आडवी येते, तो नाव काढून घेतो.

हे वाचून मला आपल्याकडची दारूबंदीची आंदोलनं आठवली. तिथेही पुरुषांच्या तोंडी हेच असायचं, बाईला समजतच नाही. तिला काय समजतं ते मात्र कुणी विचारत नाही. मोठ्या संस्थेत पूर्ण देहासाठी सुमारे २ लाख डॉलर किंवा त्याहून जास्त लागतात, मिशिगनच्या संस्थेत २८ हजार. एवढी रोख कुणाजवळ नसते, म्हणून बहुतेक जण आयुर्विमा काढतात आणि ती रक्कम संस्थेच्या नावे लावतात. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी विधवांना पॉलिसीवर दिराचं किंवा सासूचं नाव आहे हे तेराव्यानंतर कळतं. नॉमिनी या शब्दामागे काय काय असतं ते त्यांना विचारा. शिवाय माणूस गेल्याबरोबर देह थंड करायची घाई असते. घरच्यांनी उशाशी बसायची वेळ आणि संस्थेच्या माणसांची कामाची वेळ एकच.

२०१० साली न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात अशा एका जोडप्याविषयी आलं होतं. नवरा अर्थशास्त्रज्ञ, त्याला डोकं जपून ठेवायचंय. बायको हॉस्पिसमध्ये काम करते, म्हणजे मरणाऱ्यांची सोबत करते. आपल्याच व्यवसायातली म्हणायची. जिनं इतकी मरणं जवळून पाहिली, तिच्या विरोधाला मृत्यूविषयीचं अज्ञान म्हणायचं?

इथे एक प्रश्न आपल्यालाही अडचणीचा आहे. 'माझं शरीर, माझा अधिकार' असं आपण म्हणतो. मग तो नवराही तेच म्हणतोय. मला ते मान्य आहे. त्याच्या देहाचं काय करायचं ते त्यानं ठरवावं, आपल्यातल्या कितीजणींनी देहदानाचे अर्ज भरलेत तसं. पण त्या अधिकारात बायकोचा पैसा येत नाही, तिची संमती येत नाही, आणि तिनं कौतुक करावं ही अपेक्षा तर मुळीच येत नाही. तिनं नको म्हटलं तर ती वैरीण ठरू नये, एवढंच.

मैत्रिणींनो, हा सगळा श्रीमंत पुरुषांचा चाळा आहे म्हणून मीही हसून सोडून दिलं असतं. पण २०१६ सालचं लंडनच्या हायकोर्टातलं प्रकरण वाचलं आणि हसता येईना. १४ वर्षांची मुलगी, कॅन्सर झालेला. तिला गोठवून घ्यायचं होतं, कारण तिला आणखी जगायचं होतं. आई तिच्या बाजूनं, वेगळा राहणारा बाप राजी नाही. अल्पवयीन असल्यानं तिला मृत्युपत्र करता येत नव्हतं. न्यायाधीश तिला हॉस्पिटलमध्ये भेटून आले आणि निर्णयाचा अधिकार त्यांनी आईला दिला. क्रायोनिक्स बरोबर की चूक याचा हा निकाल नव्हे, हेही स्पष्ट केलं. ऑक्टोबरमध्ये ती गेली, देह अमेरिकेला नेला. त्या मुलीला कुणी भोळी म्हटलं तर मला राग येईल. १४ व्या वर्षी जगायची इच्छा हा काही अहंकार नसतो. पण हॉस्पिटलनं नंतर एक गोष्ट नोंदवली: शेवटच्या दिवशी आई गोठवण्याच्या व्यवस्थेत इतकी गुंतली होती की लेकीला ती पुरती मिळाली नाही. मी आईला दोष देत नाही. तिच्या हातात ती आशा ज्यांनी दिली, त्यांना देते.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका अमरत्व मागत नाहीत. 'हातीपायी धड आहे तोवर ने रे बाबा' हे मी वस्त्यांमधून शेकडो वेळा ऐकलंय. लोक त्याला समाधान, वैराग्य वगैरे म्हणतात. मला ते पटत नाही. अंथरुणाला खिळलं तर करणार कोण, सुनेवर किती भार टाकायचा, हा त्यामागचा हिशेब असतो. सासूचं केलेलं असतं ना तिनं, काय काय करावं लागतं ते तिला पक्कं माहीत असतं.

करणार कोण, हा प्रश्न क्रायोनिक्सवाल्यांनाही सुटलेला नाही. टाकीतला नायट्रोजन उडून जातो, तो कुणीतरी सतत भरावा लागतो. कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थच्या दफनभूमीत एका संस्थेनं असे देह तळघरात ठेवले होते. नातेवाइकांचे पैसे येईनासे झाले, देखभाल थांबली, आणि १९७९ मध्ये उघडकीला आलं की नऊ देह केव्हाच सडून गेले होते. तेव्हापासून या संस्था दरसालच्या पैशावर विसंबत नाहीत, पूर्ण रकमेची सोय आधीच करून मागतात. विम्याची पॉलिसी आली ती त्यासाठी, आणि तिचा हप्ता आजच्या घरखर्चातून जातो.