चिरा घरी जातो, खड्डा गावात राहतो

कोकणी माणूस घर बांधतो ते पायाखालच्याच दगडाचे. मालवणच्या सड्यावरील एखादी चिरेखाण पाहा. यंत्राच्या पात्याने आखल्यासारख्या सरळ तांबड्या भिंती आणि पापण्यांपर्यंत लाल झालेले कामगार. हा आपला जांभा. लोह आणि ॲल्युमिनियम यांनी भरलेला, सच्छिद्र. फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात तो पाहिला आणि १८०७ साली विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटेराइट’ नाव दिले. नाव अगदी चपखल! खाणीत तो कापायला मऊ असतो. उघड्यावर ऊन-वारा लागला की घट्ट होतो. म्हणजे ही भट्टी न लावता मिळालेली वीटच.

म्हणूनच ‘चिरेखाणी बंद करा’ म्हणणाऱ्यांत मी नाही. त्यावर पोटे आहेत, आणि चिऱ्याच्या घराला पर्याय म्हणून सिमेंटचे ठोकळे मला तरी नकोत. माझी तक्रार वेगळी आहे. आपण चिऱ्याचा भाव करतो, त्यात मागे राहिलेला खड्डा धरतच नाही.

सडा उघडाबोडका दिसतो म्हणून आपण त्याला पडीक समजतो. पण पावसाळ्यात याच सच्छिद्र कातळातून पाणी झिरपते आणि पायथ्याच्या झऱ्या-विहिरींना मिळते. सडा कसाही खणला, तर वैशाखात विहिरीचा तळ दिसणार कोणाला? खाणमालकाला नव्हे, खालच्या वाडीला. शिवाय याच कातळावर कुणा अनाम पूर्वजांनी चित्रे कोरली. मालवण तालुक्यातील कुडोपीची कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. अजून नजरेस न पडलेले एखादे शिल्प चिरा होऊन कुणाच्या कुंपणात बसले, तर ते कोण परत आणणार?

मागणे फार नाही. परवान्याआधी सडा पायी फिरून पाहावा. वरची माती बाजूला राखावी आणि काम संपल्यावर खड्ड्यात पसरून तिथे काजू लावावा. पाण्याने भरणाऱ्या खाणीला कुंपण घालावे. गुरे आणि पोरे यांना खोली कळत नाही. याचा खर्च चिऱ्यामागे थोडा वाढेल, तो घर बांधणाऱ्याने आनंदाने द्यावा.

कारण चिरेबंदी घर पिढ्यान्‌पिढ्या उभे राहते. त्या घरातल्या नातवंडांना गावच्या विहिरीचे पाणीही मिळायला हवे.