कपाटांतील चमचे

चांदीचे काटे-चमचे जमविण्याचा छंद युरोप-अमेरिकेंत मोठा प्रतिष्ठित मानला जातो; आणि त्यांतही व्हिएन्नाचा योसेफ हॉफमान किंवा कोपनहेगनचा जॉर्ज येन्सन यांच्या नांवाचा जिन्नस हातीं आला कीं, संग्राहकास कृतार्थ वाटतें. ही कलेची सेवा होय, असें त्याचें म्हणणें. तें आम्हांस मान्य नाहीं. हातानें जेवणाऱ्यांनीं या वादांत कशाला पडावें, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, आमच्या देवघरांतील चांदीची पळीसुद्धां रोज पाण्यांत बुडते.

हॉफमान व कोलोमान मोझर यांनीं १९०३ सालीं फ्रिट्झ वेर्नडॉर्फर या धनिकाच्या पैशावर 'वीनर वेर्कश्टेटे' ही कार्यशाळा काढली. ॲश्बी यांनीं १८८८ सालीं लंडनच्या पूर्व भागांत स्थापिलेला कारागिरांचा संघ हा त्यांचा आदर्श. कलेच्या दृष्टीनें तांबेंही चांदीसोन्याइतकेंच मोलाचें, असें त्यांनीं आपल्या १९०५ च्या जाहीरनाम्यांत स्पष्ट सांगितलें. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, त्यांच्या वस्तूंवर आराखडा करणाराच्या आद्याक्षरांबरोबर ती वस्तु प्रत्यक्ष ठोकून घडविणाऱ्या कारागिराचींही आद्याक्षरें उमटूं लागलीं. आमचा संग्राहक भिंग लावून पहिलीं अक्षरें वाचतो आणि किंमत मोजतो. दुसरीं त्याच्या खिजगणतींतही नसतात. येन्सनच्या नांवानें जो 'एकॉर्न' नमुना गाजला, तो १९१५ सालीं योहान रोडे यानें रचिला. पण बाजारांत चलतें नाणें येन्सनचेंच.

लंडनच्या लिबर्टी दुकानानें तर याच्याही पुढें मजल मारली. १८९९ पासून विकलेल्या आपल्या नव्या चांदीवर त्यानें आर्चिबाल्ड नॉक्स या कलावंताचें नांवच येऊं दिलें नाहीं. यंत्राच्या साह्यानें स्वस्त पडणाऱ्या त्या मालाच्या स्पर्धेनें ॲश्बींचा संघ खचला. १९०२ सालीं तो चिपिंग कॅम्पडन या खेड्यांत गेला आणि पांचसहा वर्षांतच मोडला. आज त्याच नॉक्सच्या नांवासाठीं चढाओढ चालते! नांव झांकण्यांत जसा व्यापार होता, तसाच तो आतां नांव मिरविण्यांत आहे.

व्हिएन्नाचीं तीं भांडीं गरिबांसाठीं नव्हतीं, हें आम्ही नाकारीत नाहीं. स्वस्ताईशीं आम्हांस स्पर्धा करावयाची नाहीं, असें ती मंडळी उघड म्हणत. पुढें १९१४ सालीं वेर्नडॉर्फर कफल्लक होऊन अमेरिकेस गेला आणि १९३२ सालीं कार्यशाळाही बंद पडली. परंतु १९०६ सालीं त्यांनीं जें प्रदर्शन भरविलें, त्याचें नांव 'मांडलेलें मेज' असें होतें. काटे, सुऱ्या, ताटें, सारें जेवणास बसावें तसें मांडलें होतें.

वापरल्यानें चांदी खराब होते, ही सबबही टिकणारी नाहीं. हवेंतील गंधकाच्या अंशानें ती कपाटांत पडल्यापडल्या काळवंडते. रोज धुवून पुसलेला चमचा उजळ राहतो. ज्यांच्या घरीं अशी चांदी नांदते, त्या गृहिणींस हें शिकवावें लागत नाहीं.

संग्रहालयांची गोष्ट निराळी. व्हिएन्नाच्या उपयोजित कलांच्या संग्रहालयांत या कार्यशाळेचें दप्तर आहे, आराखडे आहेत. अभ्यासक तेथें जाऊन तें पाहूं शकतो. खासगी कपाटाची किल्ली मात्र एकाच्याच खिशांत असते, आणि तो जेवतो दुसऱ्याच चमच्यानें.