गळ्यातील गाठ

गेल्या डिसेंबरात तळोज्यातील सिडकोच्या वसाहतीत भाचीकडे मुक्कामाला होतो. सकाळी सात वाजता इमारतीच्या फाटकाशी शाळेच्या बसची वाट पाहत मुलांची रांग उभी होती. प्रत्येकाच्या अंगात गडद निळा, त्रिकोणी गळ्याचा स्वेटर, त्या गळ्यातून डोकावणारा पट्ट्यापट्ट्यांचा टाय आणि मुलींच्या गळ्याशी त्याच कापडाचा बो. भाचीचा दुसरीतला मुलगा टाय विसरला म्हणून ती बिचारी चार जिने पुन्हा चढून गेली. अशाच विस्मरणापायी आदल्या आठवड्यात त्याला प्रार्थनेच्या वेळी वर्गाबाहेर उभे राहावे लागले होते. मी विचारले, "एवढे काय बिघडते?" ती म्हणाली, "मामा, स्वेटर विसरला तर चालतं. टाय विसरलेला नाही चालत."

थंडी वारणारे वस्त्र ऐच्छिक आणि कोणत्याही उपयोगाचे नसलेले अनिवार्य! तळोज्याच्या हवेत हे विशेषच बोचते. येथील गारवा सकाळच्या दोन तासांचा. दहा वाजता स्वेटर दप्तरात जातो, दुपारी सदरा पाठीला चिकटतो, पण गळ्यातील फास शाळा सुटेपर्यंत हलत नाही.

हा टाय आला कोठून? सतराव्या शतकात फ्रान्सच्या सैन्यात भाडोत्री म्हणून लढणाऱ्या क्रोएशियन शिपायांची ती गळपट्टी. चौदाव्या लुईच्या दरबाराने ती उचलली, पुढे ती इंग्लंडला पोहोचली आणि साहेबाबरोबर आपल्याकडे. थंड मुलुखात सदऱ्याचा गळा बंद ठेवण्यास तिचा काही अर्थ होता. आपल्याकडे गळ्याभोवती काही घ्यावयाचे नसते असे थोडेच आहे? उपरणे आहे, पंचा आहे, नाशिक-नगरकडच्या शेतकऱ्याचा कानांवरून गुंडाळलेला मफलर आहे. उपरण्याने घाम पुसता येतो, ऊन अडवता येते, वेळेला चार भाकऱ्या बांधता येतात. शाळकरी टायने काय करता येते? त्याची तर गाठही खरी नसते. तयार गाठीला इलास्टिक लावून तो मुलाच्या डोक्यावरून अडकवलेला असतो.

स्वेटरशी मात्र आमचे भांडण नाही. सुयांवरचे विणकाम परदेशातून आले, पण आमच्या आया-मावश्यांनी ते असे आपलेसे केले की लोकरीच्या गुंड्याशिवाय त्यांची दुपार आठवत नाही. उपयोगाची वस्तू कोठूनही यावी आणि आपली व्हावी. प्रश्न परकेपणाचा नाही, निरर्थक अनुकरणाचा आहे.

ज्यांचे अनुकरण करावयाचे ते तरी काय करीत आहेत? जपानच्या सरकारने 2005 साली वीज वाचविण्यासाठी उन्हाळ्यात टाय-कोट उतरविण्याचे आणि कचेऱ्यांतील तापमान 28 अंशांवर ठेवण्याचे आवाहन केले. इंग्लंडच्या आरोग्य खात्याने 2007 साली डॉक्टरांना रुग्ण तपासताना टाय न घालण्याचे मार्गदर्शन दिले, कारण क्वचित धुतला जाणारा तो पट्टा रोगजंतूंचे घर ठरू शकतो. आपल्याकडे जयराम रमेश यांनी 2010 साली भोपाळच्या वन व्यवस्थापन संस्थेतील पदवीदान समारंभात अंगावरचा झगा उतरवून ठेवला आणि त्याला वसाहतकाळाचा रानटी अवशेष म्हटले. ते काँग्रेसचे मंत्री होते. पण योग्य ते योग्यच! 2024 साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही आपल्या संस्थांना पदवीदानाचे काळे झगे सोडण्यास सांगितले. मोठ्यांचे झगे उतरू लागले, सहा वर्षांच्या पोराचा टाय मात्र कायम.

येथे मॅकॉलेच्या नावाने बोटे मोडणे सोपे आहे. पण तळोज्यातील पोरांच्या गळ्यात टाय त्याने बांधला नाही, आपण बांधला. एका मराठी शाळेच्या मुख्याध्यापकांना मी हेच विचारले. ते ओशाळून म्हणाले, "टाय नसला तर पालक शाळेला शाळाच मानत नाहीत हो. पट टिकवायचा आहे." म्हणजे मराठी शाळा जगविण्यासाठी मराठी शाळेने इंग्रजी शाळेचे सोंग घ्यावयाचे! 1905 साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी केली म्हणून फर्ग्युसनच्या वसतिगृहातून सावरकरांना बाहेर काढण्यात आले. तेव्हा शिक्षा परके कापड जाळल्याची होती, आज ती परके कापड विसरल्याची आहे, आणि शिक्षा करणारे आपलेच.

शिवाय खर्च आहेच. दोन टाय, पट्टा, शाळेचे चिन्ह विणलेला स्वेटर, सारे एकाच ठराविक दुकानातून. कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या बापाला तो हिशेब विचारून पाहावा.

जूनमध्ये नव्या वर्षाचा गणवेश घ्यावा लागतो, म्हणून हा विषय त्याआधीच पालक-शिक्षक संघाच्या सभेत मांडला पाहिजे. स्वेटर ठेवा, टाय आणि बो वगळा, एवढाच ठराव. भाचीने तो मांडण्याचे कबूल केले आहे. अनुमोदनासाठी तिने शेजारच्या तीन आयांना विचारले, दोघी तयार झाल्या, तिसरी म्हणाली, "टायमध्ये मुलगा छान दिसतो गं."