महाग सीट, स्वस्त कान?

खरं सांगा, तिकीट बुक करताना तुमची नजर आधी कुठे जाते? पुढच्या रांगांकडे ना? महाग सीट म्हणजे बेस्ट सीट, हा आपला सिंपल फंडा!

माझी एक मैत्रीण कंपनीच्या प्रोजेक्टवर मिलानला होती. तिथलं ‘ला स्काला’ म्हणजे ऑपेराची पंढरीच, १७७८ मध्ये सुरू झालेली. क्लायंटने तिला नेलं थेट बॉक्समध्ये. लाल मखमल, सोनेरी नक्षी, एकदम रॉयल! तिची खुर्ची मात्र मागची. आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. सगळे ‘वा, काय अकूस्टिक्स!’ म्हणत होते, म्हणून हिनेही मान डोलावली. घरी आल्यावर मात्र वाटलं, आपल्याला कानच नाही.

पुढच्या वेळी खिशाला परवडेना, म्हणून सगळ्यात वरच्या गॅलरीत गेली. स्टेज जेमतेम दिसत होतं. पण गाणं सुरू झालं आणि अंगावर काटा! एकही माइक नाही, तरी शब्द न् शब्द स्वच्छ.

जादूबिदू काही नाही. बॉक्सचं तोंड लहान, त्यात मखमल, पडदे आणि माणसं. मागे पोहोचेपर्यंत आवाज पार शोषला जातो. वर मात्र छतावरून परतलेला आवाजही मिळतो. शिवाय कसलेल्या गायकाच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास जोर असतो, नेमका तिथे ऑर्केस्ट्रा कमी पडतो.

या वरच्या गॅलरीला म्हणतात ‘लोज्जोने’. इथल्या पब्लिकचे कान भलते तिखट! डिसेंबर २००६ मध्ये ‘आयदा’ चालू असताना त्यांनी हुर्यो केली, तर टेनर रॉबेर्तो अलान्या सरळ स्टेज सोडून गेला. बदली गायक रोजच्या कपड्यांतच उभा राहिला.

मुद्दा काय, तर जुन्या थिएटरचा आवाज एकच नसतो, प्रत्येक खुर्चीचा वेगळा असतो. आणि मखमल बघून आपण अर्धं डोळ्यांनीच ऐकतो.

आपल्या गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाऊस दोन दशकांहून जास्त काळ बंद राहून २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. तिथे माइकशिवाय कार्यक्रम असेल, तर इंटरव्हलनंतर वरची एखादी रिकामी खुर्ची गाठा. दोन मिनिटं डोळे मिटा. आवडलं नाही, तर बिनधास्त तसं म्हणा. कदाचित तुमचा कान ठीक असेल, खुर्ची चुकली असेल!